विश्लेषण : दुष्काळातील मुली, जमाखर्च आणि २९ हजार नावांची प्रार्थना; पंडिता रमाबाईंनी श्रद्धा व व्यवहाराची सांगड कशी घातली?

महिन्याच्या वाणसामानाची यादी, दुधाचा हिशेब, शाळेचा हजेरीपट यांना कोणी धर्माचे काम म्हणत नाही. ख्रिस्ती परंपरेत मात्र यादी हे प्रार्थनेचेही साधन आहे. कोणासाठी प्रार्थना करायची, काय मागितले, काय मिळाले, कशाबद्दल आभार मानायचे, याची टिपणे अनेक ख्रिस्ती कुटुंबे ठेवतात. या सवयीचे महाराष्ट्रातील सर्वात मोठे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी उभारलेल्या मुक्ती सदनात घर चालवण्याचे काम आणि प्रार्थना ही दोन्ही नावानिशी होत.

रमाबाई कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने तेच शिक्षण रमाबाईंना दिले. ग्रंथ मुखोद्गत करण्याची शिस्त त्यांना लहानपणीच लागली. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथे त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीही वारले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

वर्गणीदारांच्या यादीने काय साधले?

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. गावोगावी मंडळे निघाली. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे, अशी ती योजना होती. छोट्या छोट्या वर्गण्यांच्या या यादीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, अशी ग्वाही होती. मात्र विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वाद पेटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले.

जॉर्ज म्युलर यांचा प्रभाव कसा पडला?

याच काळात रमाबाईंनी जॉर्ज म्युलर यांच्या कार्याविषयी वाचले. जन्माने जर्मन असलेल्या म्युलर यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुले सांभाळली. माणसांकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, हा त्यांचा नेम होता. पण हा नेम हवेत नव्हता. काय मागितले, किती आले, कशावर खर्च झाले, याच्या नोंदी ते वर्षानुवर्षे ठेवत आणि त्या छापून लोकांपुढे मांडत. विश्वास ठेवायचा म्हणजे हिशेब सोडायचा नाही, हे त्यांच्या जीवनातून दिसे. भारतातही असे काम होऊ शकेल का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला.

दुष्काळाने काय बदलले?

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागल्याने त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १८९८ मध्ये अमेरिकेतील दहा वर्षांच्या वर्गणीची मुदत संपली. रमाबाई पुन्हा तेथे गेल्या, असोसिएशनची फेररचना झाली. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या परभणीसह मराठवाड्यालाही त्याची झळ बसली. गुजरातेतून आलेल्या मुलींमुळे मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्यांचे घर केवळ भक्तीवर चालत नाही. धान्य, कपडा, औषध, अंथरूण यांची मोजदाद रोजची झाली. शेती, दुग्धशाळा, तेलघाणी, विणकाम, शिवण, छापखाना असे विभाग पडले. अंध मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवत. कोणाला वाचता येते, कोणाचे हात कशात चालतात, कोण आजारी आहे, हे पाहूनच काम वाटता येत होते. मोजणी इथे काटकसरीपुरती नव्हती. यादीतून एक नाव सुटले, तर एक मुलगी उपाशी राहण्याची भीती होती.

२९ हजार नावांची प्रार्थना म्हणजे काय?

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी एक गट केला. सुरुवातीला सुमारे ७० जणी रोज सकाळी जमत. काही महिन्यांत ही संख्या कित्येक पटींनी वाढली. १९०७ च्या सुमारास मुक्तीतील प्रार्थना गट २९ हजारांहून अधिक व्यक्तींसाठी, प्रत्येकाचे नाव घेऊन, रोज प्रार्थना करत होते. हे काम एका माणसाच्या आवाक्यातले नाही. ते गटागटाने, न चुकता करावे लागते. सर्वांचे भले होवो, एवढे म्हणून थांबणे सोपे असते. नाव घेतले की माणूस आठवतो, त्याचे दुखणे आठवते. ज्यांना दुष्काळाने नुसता आकडा करून सोडले होते, त्याच मुली आता इतरांची नावे घेऊन त्यांच्यासाठी मागत होत्या. यादी श्रद्धेला जो आधार देते, तो हाच.

अखेरचे काम कोणते?

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या शिकलेल्या बाईला कळेल असा मराठी शब्द शोधायचा, हा त्यांचा आग्रह होता. मुक्तीच्या छापखान्यात हे काम तेथील स्त्रियांच्याच हातून झाले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा यांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

धर्मांतराच्या प्रश्नावर रमाबाईंबद्दल तेव्हा मतभेद होते, आजही आहेत. मुक्ती मिशन मात्र केडगावात आजही सुरू आहे. घरातली साधी वही त्यातून एक गोष्ट घेऊ शकते. वाणसामानाच्या यादीखाली दोन नावे लिहिली, एक आजारी शेजाऱ्याचे आणि एक रुसलेल्या नातेवाइकाचे, तर प्रार्थना संपल्यावर काय करायचे, हेही तीच वही सांगते.