डॉ. जोसेफ लीडी

पावसाळ्यास आरंभ झाला कीं आपल्या अंगणांत आणि पायऱ्यांवर तो लांबट, असंख्य पायांचा किडा सावकाश चालतांना दिसूं लागतो. कोणी त्यास वाणी म्हणतात, कोणी पैसा म्हणतात. कारण काडीनें स्पर्श करतांच तो पैशासारखें वेटोळें करून निपचित पडतो. आपण त्यास काडीवर उचलून कुंपणापलीकडे टाकतों आणि विसरून जातों. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका तरुण डॉक्टरानें याच जातीचा एक किडा उचलला, परंतु टाकून दिला नाहीं. त्याचें आंतडें उघडून त्यानें तें सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविलें, आणि त्या बोटभर देहांत त्यास जणूं एक लहानसें रान उगवलेलें दिसलें. त्या डॉक्टराचें नांव जोसेफ लीडी.

लीडी यांचा जन्म ९ सप्टेंबर १८२३ रोजीं फिलाडेल्फिया येथें झाला. वडील टोप्या तयार करण्याचा धंदा करीत. जोसेफ अगदीं तान्हा असतांनाच त्याची आई वारली. पुढें सावत्र आईनें त्यास वाढविलें. मुलगा शाळेच्या पुस्तकांपेक्षां दगड, झाडें आणि किडे यांतच अधिक रमे, आणि जें पाही त्याचें हुबेहूब चित्र काढी. चित्रांतील हें कौशल्य पाहून, याला दुकानांच्या पाट्या रंगविण्याच्या धंद्यास लावावें असें वडिलांच्या मनांत होतें. बापाच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहीं नव्हतें. पोटापाण्याची सोय झाली असती. परंतु सावत्र आईनें मुलाचा खरा ओढा ओळखला आणि त्यास उच्च शिक्षण मिळावें असा आग्रह धरिला. पोटच्या मुलाविषयींहि सर्वच आईबापांना असें धैर्य होत नाहीं.

कांहीं काळ औषधांच्या दुकानांत काम केल्यावर जोसेफनें पेनसिल्व्हानिया विश्वविद्यालयांत वैद्यकाचा अभ्यास केला व १८४४ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. पदवीसाठीं त्यानें लिहिलेला निबंध प्राण्यांच्या डोळ्यांच्या रचनेविषयीं होता. ज्याच्या डोळ्यांनीं पुढें एवढें पाहिलें, त्यानें आरंभ डोळ्यापासूनच करावा हा मोठा सुंदर योगायोग होय. दवाखाना मात्र चालला नाहीं. दोन वर्षांत लीडी यांनीं तो बंद केला आणि शरीररचनाशास्त्राचें अध्यापन व सृष्टीचें निरीक्षण यांस वाहून घेतलें. १८५३ सालीं ते त्याच विश्वविद्यालयांत शरीररचनाशास्त्राचे मुख्य अध्यापक झाले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षें, त्यांनीं तें काम केलें.

त्यांची दृष्टि किती जागरूक असे याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८४६ सालीं एकदां जेवतांना डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर त्यांना बारीक पांढुरके ठिपके दिसले. दुसरा कोणी असता तर त्यानें ते पाहिलेहि नसते. पाहिले असते तर ताट दूर सारून तो उठून गेला असता. लीडी यांनीं तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं नेला. ते ठिपके म्हणजे मांसांत वेटोळें करून बसलेले ट्रिकिना नांवाचे सूक्ष्म कृमि होते. हे कृमि मनुष्याच्या शरीरांत पूर्वीं सांपडले होते. ते डुकराच्या मांसांतहि असतात हें लीडी यांनीं दाखविलें. अर्धकच्च्या मांसावाटे ते मनुष्याच्या पोटांत जाऊन घातक रोग उत्पन्न करितात, हें पुढें जर्मन शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें.

आतां आरंभीं सांगितलेल्या किड्याकडे वळूं. १८४९ सालीं लीडी यांनीं वाणीच्या आंतड्यांत वाढणाऱ्या बारीक तंतूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. हे तंतु एका टोंकास आंतड्याच्या अस्तरास घट्ट चिकटलेले होते आणि गवताच्या पात्यांप्रमाणें आंतील पोकळींत डुलत होते. त्यांस त्यांनीं एंटरोब्रायस असें नांव दिलें. पुढें १८५३ सालीं, जिवंत प्राण्यांच्या शरीरांत राहणाऱ्या वनस्पति व प्राणी यांविषयींचा त्यांचा मोठा ग्रंथ स्मिथसोनियन संस्थेनें प्रसिद्ध केला. त्या काळीं असे जीव पोटांतील कुजलेल्या द्रव्यांतून आपोआप उत्पन्न होतात असें पुष्कळांना वाटे. हे जीव बाहेरून आलेल्या बीजांपासूनच वाढतात, असें लीडी यांचें मत होतें. शिवाय धडधाकट किड्यांतहि हे तंतु सांपडत. तेव्हां शरीरांत शिरलेला प्रत्येक पाहुणा हा वैरीच असतो असें नाहीं, हेंहि त्यांच्या ध्यानीं आलें.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. लीडी यांनीं एंटरोब्रायसला शेवाळाच्या वर्गांत घातलें होतें, आणि तें चुकीचें ठरलें. मागाहून आलेल्या विद्वानांनीं त्याची गणना बुरशींत केली. आणि २००५ सालीं जनुकांच्या तपासणीवरून असें निघालें कीं तें बुरशीहि नसून प्राण्यांच्या वंशाजवळचे निराळेच सूक्ष्म जीव आहेत. म्हणजे वर्ग दोनदां बदलला; परंतु लीडी यांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें व हातानें रेखाटलें, तें मात्र खरेंच राहिलें.

त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें गेलेल्यांस पुढें खऱ्या बुरशीहि सांपडल्या, आणि त्या वाहत्या ओढ्यांत. लुई लेजे व ऑक्ताव्ह द्युबोस्क या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९२९ सालीं हार्पेला नांवाच्या बुरशीचें वर्णन केलें. सिम्युलियम नांवाची एक लहान चावरी माशी असते. तिच्या अळ्या ओढ्याच्या वेगवान धारेंत दगडांना धरून राहतात आणि वाहत येणारे अन्नकण गाळून खातात. त्या अळ्यांच्या आंतड्यांत ही बुरशी राहते. ओढ्यांतील इतर कित्येक कीटकांच्या अळ्यांतहि तिचे भाऊबंद आढळतात. यांचें जीवन मोठें नवलाचें आहे. बुरशीचे बीजाणु विष्ठेबरोबर पाण्यांत पडतात. पुष्कळांना केसासारखे सूक्ष्म धागे असतात. त्यांच्या योगें ते पाण्यांतील काडीकचऱ्यांत अडकून राहतात. दुसऱ्या अळीनें ते गिळले म्हणजे तिच्या पोटांत ते रुजतात. परंतु अळी कात टाकते तेव्हां मागच्या आंतड्याचें अस्तरहि गळून पडतें, आणि त्याबरोबर तेथील बुरशीचें बिऱ्हाडहि जातें. म्हणून त्यापूर्वींच तिनें आपली बीजें पेरून ठेवावीं लागतात. कित्येक जातींची तर याहून मोठी युक्ति असते: त्या माशीच्या अंडाशयांत शिरतात, आणि मग मादी उडत जाऊन अंड्यांच्या जागीं बुरशीचे कोशच पाण्यांत सोडते. जी बुरशी प्रवाहाबरोबर केवळ खालींच वाहत गेली असती, ती अशा रीतीनें माशीच्या पंखांवर बसून ओढ्याच्या उगमाकडेहि जाऊं शकते. यांपैकीं बहुतेक बुरशी आपल्या यजमानास इजा करीत नाहींत. थोड्या मात्र प्राणघातक असतात.

लीडी यांची कीर्ति केवळ सूक्ष्म जीवांपुरती नव्हती. युरोपियन लोकांनीं घोडे नेण्यापूर्वीं, फार प्राचीन काळीं, अमेरिकेंत घोडे होते हें त्यांनीं १८४७ सालीं जुन्या हाडांवरून दाखविलें. न्यू जर्सी प्रांतांत हॅडनफील्ड येथें सांपडलेल्या प्रचंड प्राण्याच्या हाडांचें वर्णन त्यांनीं १८५८ सालीं केलें व त्यास हॅड्रोसॉरस नांव दिलें. १८६८ सालीं त्याचा सांगाडा फिलाडेल्फिया येथें उभा करण्यांत आला. डायनोसॉरचा उभा केलेला जगांतील हा पहिला सांगाडा होय.

परंतु पुढें मार्श आणि कोप हे दोन धनाढ्य शास्त्रज्ञ या क्षेत्रांत उतरले. जुन्या हाडांसाठीं त्यांच्यांत एवढी चुरस व वैर माजलें कीं जीं हाडें पूर्वीं लोक लीडी यांच्याकडे आपण होऊन पाठवीत, त्यांना आतां भारी किंमत पडूं लागली. लीडी यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि भांडणाची त्यांना हौस नव्हती. ज्या शास्त्राचा अमेरिकेंत त्यांनीं पाया घातला, त्यांतूनच ते निमूटपणें बाहेर पडले. हा त्याग सोपा नव्हता. पण ते रिकामे बसले नाहींत. ज्यासाठीं कोणी भांडत नव्हतें, त्या डबक्यांतील पाण्याकडे ते वळले. गोड्या पाण्यांतील अतिसूक्ष्म जीवांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सुरेख चित्रें त्यांच्याच हातचीं होतीं. पाट्या रंगविण्याकडे जाणारी कला अशी सार्थकीं लागली. याच काळांत वाळवीच्या पोटांतहि त्यांना असंख्य सूक्ष्म जीवांची दाटी दिसली. या जीवांवांचून तसल्या वाळवीस खाल्लेलें लांकूड पचत नाहीं, हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें.

३० एप्रिल १८९१ रोजीं फिलाडेल्फिया येथेंच लीडी यांचा अंत झाला. ज्या नगरींत जन्म, तेथेंच शिक्षण, तेथेंच सेवा आणि तेथेंच मृत्यु.

विद्यार्थिमित्रहो, मोठें शोधकार्य करण्यास दूर देशीं गेलें पाहिजे किंवा अपार धन पाहिजे, असें तुम्हांस वाटत असेल तर लीडी यांचें चरित्र आठवा. त्यांनीं ताटांतील तुकडा पाहिला, पायांखालचा किडा पाहिला, डबक्यांतील थेंब पाहिला. पाहिलेलें जसेंच्या तसें मांडलें. त्यांनीं काढलेलें एक अनुमान काळानें खोडलें, पण त्यांचें निरीक्षण खोडतां आलें नाहीं. आणि पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी पावसांत एखाद्या किड्याजवळ तासभर बसून राहिली तर रागें भरण्यापूर्वीं, टोपीवाल्याच्या घरांतील त्या सावत्र आईचें एकवार स्मरण करावें.