एक ट्रेन चुकली अन् जगाच्या घड्याळाचा विचार सुरू झाला. कोण होते सँडफोर्ड फ्लेमिंग?

तुमच्या मोबाइलला पुण्याची आणि टोरंटोची वेळ अचूक कशी कळते? या व्यवस्थेसाठी झटणाऱ्यांतले एक मोठे नाव म्हणजे सँडफोर्ड फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म १८२७ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. अठराव्या वर्षी ते कॅनडात गेले आणि रेल्वे इंजिनिअर झाले. १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये त्यांची गाडी चुकली. वेळापत्रकात सकाळऐवजी संध्याकाळ छापली होती. त्या काळी गावोगावची वेळही सूर्यानुसार वेगळी असे. फ्लेमिंग यांनी २४ तासांचे घड्याळ, जगासाठी एकच समान वेळ आणि २४ टाइम झोन सुचवले.

१८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रीनिच ही मूळ रेषा ठरवली, पण झोनचा निर्णय देशांवरच राहिला. खरा गुंता इथेच आहे. भारतात १९०६ मध्ये ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढची वेळ लागू झाली, तरी मुंबईचे घड्याळ अनेक वर्षे त्याच्या ३९ मिनिटे मागेच होते. असे जुने-नवे सगळे नियम सॉफ्टवेअरला सांभाळावे लागतात. म्हणूनच घडून गेलेल्या व्यवहाराची नोंद शक्यतो ‘यूटीसी’ या एकाच वेळेत ठेवतात आणि स्क्रीनवर स्थानिक वेळ दाखवतात.

फ्लेमिंग यांचे १९१५ मध्ये निधन झाले. त्यांना हवी असलेली जगाची एकच वेळ आज सर्व्हरमध्ये चालते आहे.