सुचेता कृपलानी

१९२२ साली इंग्लंडचे युवराज दिल्लीस आले होते. त्यांच्या मानासाठी कुदसिया बागेजवळ शाळेतील मुलींना रांगेत उभे करण्यात आले. त्या मुलींत सुचेता मजुमदार नावाची तेरा वर्षांची एक मुलगी होती. जालियनवाला बागेतील हत्याकांडाची हकीकत तिने घरी ऐकली होती आणि तेव्हापासून परकीय सत्तेविषयी तिच्या मनात चीड होती. या रांगेत उभे राहू नये, असे तिला व तिच्या बहिणीला मनापासून वाटत होते. परंतु नाही म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. आपल्या भित्रेपणाची लाज तिच्या मनाला लागून राहिली.

हीच मुलगी पुढे भारतातील पहिली महिला मुख्यमंत्री झाली.

सुचेताबाईंचा जन्म २५ जून १९०८ रोजी अंबाला येथे एका बंगाली कुटुंबात झाला. वडील सरकारी डॉक्टर होते. शिक्षण पुरे झाल्यावर सुचेताबाई काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करू लागल्या. आचार्य कृपलानी यांच्याशी विवाह करण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा गांधीजींनी प्रथम विरोध केला. संसारात पडल्यास आचार्य देशकार्याला अंतरतील, अशी त्यांना भीती वाटत होती. सुचेताबाईंनी त्यांना नम्रपणे, पण ठामपणे सांगितले, की या विवाहाने एक कार्यकर्ता जाणार नसून एकाचे दोन होणार आहेत. १९३६ साली विवाह झाला आणि त्यांनी आपला शब्द खरा करून दाखविला.

१९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. १९४२ च्या 'चले जाव' चळवळीत मोठे पुढारी पकडले गेले, तेव्हा भूमिगत राहून त्यांनी चळवळीची सूत्रे जुळती ठेवली. अखेर १९४४ साली त्यांना अटक झाली. १९४६ साली बंगालमधील नोआखालीत भीषण दंगली उसळल्या. जिवाची पर्वा न करता सुचेताबाई त्या खेड्यापाड्यांत राहिल्या आणि निराधार स्त्रियांना त्यांनी धीर दिला.

संविधान सभेच्याही त्या सदस्या होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री सभेच्या ऐतिहासिक बैठकीचा प्रारंभ त्यांनी गायिलेल्या 'वंदे मातरम्'ने झाला.

स्वातंत्र्यानंतर आचार्यांनी काँग्रेस सोडून नवा पक्ष काढला. १९५२ साली त्या पक्षातर्फे सुचेताबाई नवी दिल्लीतून लोकसभेवर निवडून आल्या. पुढे त्या काँग्रेसमध्ये परतल्या आणि १९५७ साली त्याच मतदारसंघातून पुन्हा विजयी झाल्या. आचार्य मात्र विरोधी पक्षातच राहिले. ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव मांडला. त्या वेळी सुचेताबाई उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या मंत्री होत्या! मते भिन्न झाली, पण परस्परांविषयीचा आदर ढळला नाही.

२ ऑक्टोबर १९६३ रोजी त्या उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. देशात सर्वांत मोठ्या लोकवस्तीचे हे राज्य. त्यांच्या कारकीर्दीत राज्याच्या कर्मचाऱ्यांनी पगारवाढीसाठी संप पुकारला आणि तो ६२ दिवस चालला. मागणी मान्य केली असती, तर त्यांची वाहवा झाली असती. परंतु राज्याच्या तिजोरीला तो भार पेलणार नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून लोकांचा रोष पत्करूनही त्या निश्चयापासून ढळल्या नाहीत. शेवटी कर्मचाऱ्यांच्या पुढाऱ्यांनी तडजोड केली.

मार्च १९६७ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. त्याच वर्षी त्या गोंडा येथून पुन्हा लोकसभेवर गेल्या. १९७१ साली त्या राजकारणातून निवृत्त झाल्या आणि १ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

कुदसिया बागेजवळ जो नकार ओठांवर आला नाही, तो पुढे त्यांनी परकीय सरकारला दिला आणि प्रसंगी स्वकीयांनाही दिला. लहानपणी घडलेल्या एका चुकीची खंत प्रामाणिक असेल, तर ती माणसाला जन्मभर पुरेल एवढे धैर्य देऊ शकते.