मातीचे ऋण फेडणारा शास्त्रज्ञ : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर



भुईमुगाचे रोप उपटून त्याची मुळे आपण कधी नीट पाहिली आहेत काय? त्या मुळांवर बारीक बारीक गाठी असतात. त्या गाठींतील सूक्ष्म जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणूनच आपला शेतकरी भुईमुगाचा बेवड चांगला मानतो. हीच गोष्ट अमेरिकेतील गरीब निग्रो शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन ज्याने समजावून सांगितली, त्या थोर पुरुषाचा हा परिचय आहे. वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रग्रंथामुळे मराठी वाचकांना त्याचे नाव परके राहिलेले नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म मिसुरी राज्यात १८६४ च्या सुमारास झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही, कारण ते गुलामाचे मूल होते. तान्हे असतानाच लुटारूंनी त्यांना आईसह पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी माणूस पाठवून शोध घेतला. बाळ परत मिळाले; आई मेरी मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि त्यांची पत्नी सुसान यांनी जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांना घरीच वाढवले. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. त्यामुळे शेतीऐवजी स्वयंपाक, धुणे आणि शिवणकाम त्याच्या वाट्याला आले. उरलेला वेळ तो रानात झाडाझुडपांत घालवी. रोगट रोपे बरी करतो म्हणून शेजारीपाजारी त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागले.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून शाळेसाठी तो लहान वयातच घर सोडून निओशो गावी गेला. तेथे मरिया वॉटकिन्स या बाईने त्याला आसरा दिला. ती स्वतः लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी होती. शिकलेले ज्ञान आपल्या माणसांना परत द्यायचे असते, हा धडा तिने त्याला दिला आणि बायबल वाचनाची गोडीही लावली. पुढे कॅन्सस राज्यात गावोगाव कपडे धुऊन, इस्त्री करून त्याने शालेय शिक्षण पुरे केले. १८८५ च्या सुमारास हायलँड येथील कॉलेजने पत्राने प्रवेश दिला. पण हा तरुण दारात उभा राहताच केवळ कातडीचा रंग पाहून त्याला परत पाठवले.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. अशा अपमानानंतर किती मुले पुन्हा पुस्तक हातात धरतील? कार्व्हर यांनी धरले. १८९० साली सिम्प्सन कॉलेजात ते चित्रकला शिकू लागले. त्यांचा वनस्पतींचा ओढा ओळखून एका शिक्षिकेने त्यांना आयोवाच्या कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली. तेथे ते पहिले काळे विद्यार्थी होते. १८९४ साली पदवी आणि १८९६ साली उच्च पदवी मिळाली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी येथे बोलावले. तेथे त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ वर्षे, सेवा केली.

तेथील जमीन कापसाने निःसत्त्व झाली होती. वर्षानुवर्षे तेच पीक, त्यात पावसाने माती वाहून गेलेली, आणि शेतकरी कर्जात बुडालेला. विकतचे खत घेण्याची ऐपत कोणाची? कार्व्हर यांनी रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ यांचे खत करून दाखवले. चवळी, भुईमूग यांसारखी द्विदल पिके आलटून पालटून घेण्यास सांगितले. सोप्या भाषेत पत्रके काढली. जो शेतकरी शाळेत येऊ शकत नाही त्याच्याकडे शाळाच गेली पाहिजे, या विचाराने १९०६ साली अवजारे भरलेली एक गाडी गावोगाव फिरू लागली. पिकलेल्या भुईमुगाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९१६ च्या पत्रकात त्यांनी तो खाण्याचे १०५ प्रकार दिले. शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधले असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नका. ते आधीपासूनच होते. त्यांचे खरे मोठेपण मातीला पुन्हा जिवंत करण्यात आहे.

कार्व्हर यांची ईश्वरावर गाढ श्रद्धा होती. पहाटे उठून ते रानात फिरत, आणि निसर्गात त्यांना ईश्वराची कारागिरी दिसे. टस्कीगीत त्यांनी अनेक वर्षे रविवारी बायबलचा वर्ग चालवला. १९२४ साली आपल्या कामामागे ईश्वरी प्रेरणा आहे असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले, तेव्हा न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने शास्त्रज्ञाला हे शोभत नाही अशी टीका केली. त्यांनी शांतपणे उत्तर लिहून आपण केलेल्या अभ्यासाचा तपशीलच मांडला. प्रेरणा आली तरी अभ्यास चुकत नाही, हे त्यातून दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री केवळ दुआ मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्यांनी लग्न केले नाही. भाऊ जिम १८८३ साली देवीच्या रोगाने गेला होता. परंतु आईचा चरखा त्यांनी आयुष्यभर जपून ठेवला. विद्यार्थी हीच त्यांची मुले झाली. शाळा सोडून गेलेल्यांनाही ते वडिलांच्या मायेने पत्रे लिहीत. १९२९ साली सी. एफ्. अँड्र्यूज टस्कीगीला गेले. त्यानंतर कार्व्हर यांनी महात्मा गांधींनाही आहाराविषयी माहिती पाठवली.

५ जानेवारी १९४३ रोजी ते निधन पावले. साध्या राहणीतून साठवलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकले होते. ज्या शेतावर ते गुलाम म्हणून जन्मले, ते त्याच वर्षी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाले.

मित्रांनो, एका धुणे धुणाऱ्या बाईने एका अनाथ मुलाला जागा दिली, आणि त्यातून हजारो शेतकऱ्यांची शेते सावरली. आपल्या मोहल्ल्यातही फीसाठी किंवा घरकामासाठी शाळा सोडणारी मुले आणि मुली आहेत. त्यांतील एकाचे जरी शिक्षण आपण तुटू दिले नाही, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.