स्पर्शाचे भय आणि श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र

मराठी आत्मचरित्राच्या संदर्भात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे नाव निघाले की बहुधा दोन गोष्टींचा गौरव होतो : त्यांची विनोदबुद्धी, आणि एका लहरी व प्रतिभावान कवीबरोबर त्यांनी नेटाने केलेला संसार. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेची दखल मात्र केवळ एक घटना म्हणून घेतली जाते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, एवढी नोंद करून अभ्यासक पुढे जातात. वस्तुतः लक्ष्मीबाईंच्या चरित्राची संगती या श्रद्धेखेरीज लागत नाही. ज्या भयात त्या वाढल्या त्याचे स्वरूप, आणि ज्या रीतीने त्या त्यातून बाहेर पडल्या ती रीत, यांचा एकत्र विचार केला तरच ती संगती ध्यानात येते.

लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले. नाशिकजवळचे जलालपूर हे त्यांचे जन्मगाव. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा धसका घेतला, की सोवळ्याओवळ्याने त्यांना अक्षरशः पछाडले. बाहेरून घरात आलेली वस्तू धुतल्यावाचून घ्यायची नाही, कोणाची सावलीही पडू द्यायची नाही, असा त्यांचा खाक्या होता. या सोवळ्याचा सगळा जाच घरातील बायकामुलांना सोसावा लागला. वरकरणी हा धर्माचार दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी होते ते भय. राजसत्तेपुढे हतबल ठरलेल्या माणसाने आपल्या उंबरठ्याच्या आत तरी सर्व काही आपल्या ताब्यात ठेवण्याची केलेली ती केविलवाणी धडपड होती. स्पर्श म्हणजे संकट, ही समजूत लक्ष्मीबाईंच्या मनात विचाराने नव्हे, तर रोजच्या सवयीने रुजली.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक बुद्धिमान, कोमल मनाचे, पण विलक्षण तापट आणि अस्थिर होते. घर सोडून एकाएकी निघून जाणे, हाती आलेला पैसा कोणालाही देऊन टाकणे, गावे बदलणे हे नित्याचेच होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या वाचनातून आणि मंथनातून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. पती जिवंत असून नाहीसा झाल्यासारखाच हा प्रसंग होता. लक्ष्मीबाई जिवाचे बरेवाईट करून घेतील, या धास्तीने नातलगांना त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागले.

विरहाच्या पुढील काळात लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन बहिणीच्या आश्रयाने पंढरपूरला राहिल्या. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने तुकोबांची पालखी ज्या पंढरीस जाते, तेथेच ही स्त्री धर्माने दुरावलेल्या पतीसाठी झुरत होती. पतीकडे जावे तर जात जाईल; न जावे तर जन्म व्यर्थ, असा हा पेच होता. ख्रिस्ती झालेल्या टिळकांना तुकाराम परका वाटला नाही. तुकारामाच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. लक्ष्मीबाईंना मात्र त्या वेळी दोन टोकांना जोडणारी अशी वाट दिसत नव्हती. त्यांची पद्यरचना याच व्याकुळतेतून सुरू झाली, हे वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाचे आहे.

अखेरीस त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या, परंतु आपला धर्म घेऊनच. आरंभी त्यांनी आपले खाणेपिणे वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. हे वेगळेपण हळूहळू आतून पोकळ होत गेले. ईश्वराने माणसांत जाती निर्माण केल्या असत्या, तर जन्म आणि मरण सर्वांना सारखे का दिले असते, असा विचार त्यांच्या मनात बळावला आणि एके दिवशी त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. हा क्रम निर्णायक मानावा लागतो. वडिलांचे भय स्पर्शाचे होते. त्यापासूनची मुक्तीही स्पर्शातूनच, पाण्याच्या एका घोटातून आली. दीक्षाविधीने त्या मुक्तीवर शिक्कामोर्तब केले.

येथे बाबा पदमनजींशी तुलना उद्बोधक ठरते. १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात ग्रंथवाचन, शंका, वाद आणि निर्णय अशा पायऱ्या आढळतात. लक्ष्मीबाईंना फारसे शिक्षण नव्हते. वाचायला टिळकांनीच शिकवलेले. त्यांचे परिवर्तन ग्रंथातून न होता स्वयंपाकघरातून झाले.

या श्रद्धेची कसोटी नगरला प्लेगच्या साथीत लागली. ज्या काळी सख्खे नातलगही रोग्यापासून दूर पळत, त्या काळी लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत राहून शुश्रूषा करीत होत्या. विटाळाच्या धाकात वाढलेल्या मुलीने रोगाने ग्रासलेल्या देहाला हात लावावा, यापेक्षा अधिक बोलका पुरावा कोणता असणार? निराधार मुलांना त्यांच्या घरात थारा मिळाला. तरुण बालकवींनाही त्यांची माया लाभली.

तथापि श्रद्धेने त्यांना सर्व भयांपासून सोडवले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९१७ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती संन्यास स्वीकारून 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा संसाराची चिंता पुन्हा त्यांच्याच वाट्याला आली. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. फरक एवढाच, की आता भय त्यांना थिजवून टाकत नव्हते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे थोडेच अध्याय लिहिले होते. पुढील ६४ अध्याय या अल्पशिक्षित स्त्रीने रचले. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, प्रकाशित झाला.

पुत्र देवदत्त यांच्या आग्रहाने लिहिलेली 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागली. चौथा भाग अपुरा असतानाच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. या ग्रंथातील विनोदाचा उगम स्वभावात शोधला जातो, आणि ते अंशतः खरेही आहे. परंतु वडिलांच्या ज्या सोवळ्याने बालपण काळवंडले, त्याचे वर्णन त्या कडवटपणाशिवाय, किंबहुना हसत करू शकतात, याचे कारण ते भय त्यांच्यापुरते संपले होते. भयग्रस्त माणूस भयाच्या विषयावर रागावतो किंवा मौन धरतो. त्याला त्यावर हसता येत नाही. म्हणून 'स्मृतिचित्रे'तील हास्य आणि लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही दोन वेगळी प्रकरणे मानता येत नाहीत. त्यांच्या शैलीचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्या धर्मानुभवाला वळसा घालून पुढे जाता येणार नाही.