काळकर्ते शिवरामपंत परांजपे
गणेशोत्सवात लोकमान्यांचे स्मरण होतेच, काळकर्त्यांचेही व्हावे. शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म १८६४ सालचा, महाडचा. १८९८ मध्ये त्यांनी पुण्यात ‘काळ’ साप्ताहिक काढले. राज्यकर्त्यांची स्तुती करता करता त्यांचे खरे रूप उघडे करायचे, ही त्यांची वक्रोक्ती. सरकारला नेमका शब्द पकडता येईना. अखेर १९०८ मध्ये राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत आलेल्या लोकमान्यांनाही तिथेच अटक झाली. शिवरामपंत सुटून आले. पण १९१० च्या छापखाना कायद्याने जामिनाची रक्कम मागितली आणि ‘काळ’ थांबला. निवडक निबंधांच्या पुस्तकांवरही बंदी आली. १९२९ मध्ये ते गेले, बंदी त्यानंतर उठली. तुरुंगाने जे साधले नाही, ते सरकारने पैशाच्या अटीने साधले, हे विसरू नये.