वसईचे संत गोन्सालो गार्सिया

धर्मग्रामाचा महोत्सव हा परमेश्वराच्या स्तुतीचा काळ होय. अशा समयीं आपल्याच मातींतील एका सत्पुरुषाचें चरित्र आठवणें उचित आहे. कारण त्यांनीं आपली अखेरची ईशस्तुति क्रूसावरून केली.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्या देशची. बालपणीं त्यांना येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं विद्या मिळाली. पुढें कोवळ्या वयांत ते त्या धर्मगुरूंसमवेत जपानांत गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा. ती सफल झाली नाहीं. मन दुखावलें, परंतु श्रद्धा ढळली नाहीं. कांहीं काळ व्यापार करून त्यांनीं त्यांत यश मिळविलें. अखेर तेंहि सोडून मनिला येथें ते संत फ्रान्सिसच्या संघांत साधे बंधु झाले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मठांतील धर्मगुरु प्रहरोप्रहरीं दाविदाचीं स्तोत्रें लॅटिन भाषेंत गात असत. हीं स्तोत्रें मूळ इब्री लोकांचीं. त्यांच्या संग्रहास ते स्तुतिगीतें असेंच नांव देतात. साध्या बंधूंना मात्र १२२३ सालच्या नियमानें स्तोत्रांच्या जागीं प्रभूची प्रार्थना नेमून दिली होती : रात्रीच्या उपासनेस २४ वेळां, सायंकाळीं १२ वेळां, आणि सर्व मिळून दिवसांतून ७६ वेळां. गोन्सालोंची स्तोत्रसंहिता ती हीच.

इ. स. १५९३ मध्यें धर्मगुरु पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचे दुभाषी म्हणून ते पुनः जपानांत गेले. क्योतो येथें ह्या बांधवांनीं गोरगरिबांची व महारोग्यांची सेवा केली. परंतु १५९६ सालीं सान फेलिपे हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें, परकीय सत्तेविषयीं संशय वाढला आणि हिदेयोशीचा कोप ख्रिस्ती जनांवर ओढवला. गोन्सालो व त्यांचे सोबती ह्यांना कैद करून, त्यांचे कान छाटून, धिंड काढण्यांत आली. मग ऐन हिंवाळ्यांत दूरच्या नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यांत आलें.

ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. धर्मगुरु मार्तिन स्तोत्रें गात होते. तेरा वर्षांच्या आंतोनीनें, मुलांना प्रभूच्या स्तुतीस बोलावणारें स्तोत्र आरंभिलें. इब्री ग्रंथांत तें ११३ वें, आमच्या जुन्या लॅटिन ग्रंथांत ११२ वें. यहुदी लोक वल्हांडणाच्या रात्रीं ह्याच स्तोत्रानें आपलीं स्तुतिगीतें आरंभितात. अत्युच्च स्थानीं बसणारा ईश्वर खालीं वांकून पाहतो आणि धुळींतील दीनाला उचलून थोरांच्या पंक्तीस बसवितो, असा त्याचा आशय. आंतोनीचा पिता चिनी, माता जपानी. गोन्सालोंप्रमाणेंच तोहि दोन वंशांचें लेकरूं होता.

आणि त्या वेळीं गोन्सालो काय करीत होते? ते मोठ्या स्वरानें प्रभूची प्रार्थना व नमो मारिया म्हणत होते. ज्यांना स्तोत्रें नेमून दिलीं होतीं त्यांनीं तीं गायिलीं. त्यांनीं आपल्या वांट्याची प्रार्थना प्राण जाईपर्यंत सोडली नाहीं. पवित्र ख्रिस्तसभेनें त्यांच्यांत भेद केला नाहीं. ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्या सर्वांना एकत्रच संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हा मान प्रथम आपल्या वसईकरास मिळाला. आज गास येथें त्यांच्या नांवाचें मंदिर उभें आहे. संघाच्या दारांतून परत फिरविलेल्यास ईश्वरानें थोरांच्या पंक्तीस बसविलें तें असें.

आपल्यांपैकीं कित्येक वडीलधारीं माणसें, आपणांस शास्त्र कळत नाहीं, म्हणून संकोच करितात. त्यांनीं संकोचूं नये. पवित्र जपमाळेचे १५० नमो मारिया हे १५० स्तोत्रांच्या जागींच प्रचारांत आले. शेतकऱ्याची व कोळ्याची ती स्तोत्रसंहिता आहे. ज्या घरांत सायंकाळचा तो स्वर मंदावला असेल, तेथें ह्या महोत्सवाच्या वर्षीं तो पुनः उठो. तीच संत गोन्सालोंची खरी पूजा होय.